शेवटच्या मॅचचं बोलावणं

आक्का,

निनाद अमेरिकेला शिकायला निघाला तेव्हा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मेधा रडली नाही, की लेकाला 'लवकर ये' असंही म्हणाली नाही. बॅगेत लाडवांचा डबा आणि 'पोचलास की मेसेज टाक', एवढंच. शेजारी एक तमिळ कुटुंब आपल्या पोराच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडत होतं. आम्ही दोघं एमआरटीच्या ट्रेननं वुडलँड्सला घरी परत आलो, वाटेत भाजी घेतली.

हे वळण आपल्याच घरचं. मी पहिल्यांदा जहाजावर निघालो तेव्हा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर आई तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा तिला म्हणाले, "सारखं ये ये म्हणू नको त्याला. मन लागायचं नाही पोराचं तिकडं." तू तिथंच होतीस. तेव्हापासून आपल्याकडे गेलेल्या माणसाला कुणी दोनदा बोलावत नाही. समुद्रावरच्या माणसाला बोलावून करायचं काय, येणं त्याच्या हातात थोडंच असतं? एकदा विचारायचं, तो नाही म्हणाला की विषय बदलायचा. पुढे मी जहाज सोडलं, इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात मरीन इंजिनियर म्हणून स्थिरावलो, फ्लॅट झाला, संसार झाला. वळण तेवढं राहिलं.

आता निनादचा खेळ. पोरगं कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये गेलं म्हटल्यावर दाजींनी पेठेत पेढे वाटले होते, आणि नंतर व्हिडिओ बघून कपाळाला हात लावला होता. तो फुटबॉल आपला नव्हे. हेल्मेट घातलेली रेड्याएवढी पोरं चेंडू हातात धरून पळतात आणि एकमेकांना धडका देतात. लाथ मारायला म्हणून एक माणूस वेगळा ठेवलेला असतो, तो किकर. निनाद तो. दोन उंच खांबांच्या मधून चेंडू गेला की तीन गुण, बाकी वेळ कडेला उभं राहायचं. सुट्टीत तुमच्या पेठेतल्या पोरांबरोबर मातीत जो पाय तयार झाला, तो तिकडं असा कामी आला.

यंदा त्याचं शेवटचं वर्ष. सीझनची सुरुवात हरण्यानं झाली, मग टीम सावरली आणि जिंकत सुटली. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. मेधा पोहे करायची, मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचो. तिला नियम शेवटपर्यंत कळले नाहीत, पण निनाद मैदानात उतरला की तिचा झारा हवेत थांबायचा.

सीझनच्या मध्यात फोनवर तो म्हणाला, "बाबा, लास्ट होम गेम आहे. यू ऑल कमिंग ऑर नॉट?" मी म्हटलं, यार्डात जहाज लागलंय, पदवीदानाला येतोच की. "ओके लाह, नेव्हर माइंड," म्हणाला, आणि आमटीत चिंच कधी घालायची ते आईला विचारत बसला.

त्या शेवटच्या मॅचच्या रविवारी टीव्ही लावला तर मॅच सुरूच नव्हती. शेवटच्या वर्षाची पोरं एकेक करून मैदानात येत होती, आणि प्रत्येकाच्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप. पोरगं आईला फूल देतं, माइकवर तिघांची नावं पुकारतात, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं. ही तिथली रीत. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

निनाद आला. त्याच्या एका हाताला पांढऱ्या केसांची एक बाई, दुसऱ्या हाताला काठी टेकत चालणारे एक आजोबा. परदेशी पोरांना रविवारी जेवायला बोलावणारं त्या गावातलं जोडपं. निनादनं खाली वाकून त्या बाईला फूल दिलं. तिनं त्याचा गाल थोपटला.

मेधा म्हणाली, "ती माझी जागा आहे."

एवढंच बोलली. त्या पोरानं आम्हाला या दिवसाला बोलावलं होतं, आणि मी त्याला यार्डातलं जहाज सांगितलं होतं. पोहे तसेच गार झाले.

मॅच अटीतटीची झाली. अगदी शेवटी टीम दोन गुणांनी मागे, आणि निनादला बोलावलं. लाथ बसली, चेंडू उंच गेला आणि उजव्या खांबावर आपटून बाहेर पडला. निनाद गुडघ्यांवर बसला. मी वुडलँड्सच्या दहाव्या मजल्यावर हात पुढे करून उभा होतो, हे मला मेधानं नंतर सांगितलं. तिकडे ते आजोबा काठी टेकत टेकत कठड्यापर्यंत आले, पण पोलिसानं त्यांना आत सोडलं नाही.

तासाभरानं फोन आला. मी म्हटलं, "होतं असं. जेवलास का?" मग तो मराठीत म्हणाला, "बाबा, या ना."

मॅच संपली होती, सीझन संपला होता. बघायला यावं असं तिथं काही उरलं नव्हतं. आपल्या घरात दुसऱ्यांदा बोलावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आक्का. मेधानं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "येतोय." यार्डातल्या जहाजाचं काय करायचं ते यार्ड बघेल. परवा निघतोय. त्या बाईची ओटी भरायला मेधानं खण काढून ठेवलाय. सकाळपासून तिनं त्याची तीनदा घडी घातलीय.

बॅग भरताना तुझी आठवण झाली. आई गेली त्या वर्षी मी तुला इकडे ये म्हटलं होतं. तू म्हणालीस, गुडघे दुखतात, आणि मी लगेच पावसाचं विचारलं. तुला वाटलं असेल, भाऊ वरवरचं बोलतोय. मला वाटलं, बहिणीला यायचं नाही. घर म्हणजे कोल्हापूर की वुडलँड्स, यावर मी आजवर पुष्कळ घोळ घातला. आता एवढंच कळतं की जिथून कुणी दुसऱ्यांदा हाक मारतं, ते घर.

अमेरिकेहून परतलो की आम्ही घरीच आहोत. लिफ्ट अगदी दाराशी आहे, जिना चढावा लागत नाही. दाजींनाही घेऊन ये.

आक्का, ये ना.