पास्कलकाकांचा डावा पाय

नऊचं ऑपरेशन होतं आणि पास्कलकाका संमतीच्या फॉर्मवर सही करेनात. डाव्या पायाला गँगरीन, म्हणजे रक्त पोचत नसल्यामुळे मांस कुजत चाललेलं. गुडघ्याखालून पाय काढला नाही, तर विष अंगभर भिनून माणूस जाणार. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते.

"घाबरलात का काका?"

"घाबरतोय कशाला? मरोळला जन्मभर सुतारकाम केलं मी. कापलेला पाय कुठं टाकणार, ते सांग."

"भट्टीत जातो. नियमच आहे तो."

"मग नाय कापायचा. बाप्तिस्मा झालेलं अंग हाय. कचरा नाय."

सर्जन सर वैतागले. "सिस्टर, समजवा यांना. पाय गेला तर गेला, जीव वाचतोय ना?"

मला समजवता येईना. शरीर म्हणजे जुना झाला की टाकायचा कपडा, हे ऐकतच मी कोकणात वाढले. काकांचं उलटं. शेवटच्या दिवशी देव माणसाला उठवणार तो अंगासकट, म्हणून अंगाचा मान ठेवायचा.

शेवटी त्यांच्या बायकोने, रोझीकाकूंनी, चर्चमधून फादरना आणलं. फादर हसून म्हणाले, "पास्कल, तुला उठवताना देवाचं पायावाचून अडणार नाही. पण पाय मातीत द्यायचा म्हणतोस ते बरोबर आहे. तुमच्या घरच्या कबरीत पुरू."

"मग आण तो कागद," काका मला म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. आता कबरस्तानात दाखवायला चिठ्ठी हवी होती. ती देणार आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणारे डॉक्टर.

"दफनाला डेथ सर्टिफिकेट लागतं, सिस्टर. माणूस तर जिवंत आहे."

"मग नुसत्या पायाचं द्या."

"पायाचं डेथ सर्टिफिकेट? माझी नोकरी घालवता का?"

तरी बिचाऱ्यांनी लेटरहेड काढलं. 'डावा पाय, गुडघ्याखालचा, दफनासाठी पत्नीच्या ताब्यात दिला. पेशंट जिवंत आहे.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

नोव्हेंबरात काका नकली पायावर चालत ओटीच्या दारात हजर. मला इतका आनंद झाला की हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिले. मृतांच्या स्मरणाचा दिवस होता, ते कबरस्तानातूनच आले होते.

"आईबाबांना मेणबत्ती लावली," म्हणाले.

"आणि पायाला?"

"त्याला कशाला? तो काय मेलाय? माझी वाट बघत बसलाय."

तेव्हापासून सही घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारायला लागले, काढलेल्या भागाचं काय करायचं. फॉर्मवर तो रकाना नव्हता, मी पेनाने आखून घ्यायचे. बहुतेक जण म्हणायचे, टाकून द्या. पण विचारलं की सही लवकर मिळायची.