टीव्हीच्या दुकानातली तालीम

दीपमाला सिकंदराबादला टीव्हीच्या दुकानात नोकरी करायची. परदेशी कंपन्यांचे रंगीत टीव्ही तेव्हा नुकतेच येऊ लागले होते, त्यामुळे संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. तिचे वडील नागोराव रेल्वेच्या नोकरीसाठी नांदेडहून इथं आलेले. पेटीवर भीमगीतं शिकवता शिकवता त्यांनीच तिला गाण्याच्या क्लासला घातलं. ती विशारद झाली आणि रविवारी अंबरपेठच्या घरी मुलांना शिकवू लागली.

त्यातली केतकी विद्यानगरची. गळा गोड, पण गाण्याची परीक्षा जवळ आली तशी चार माणसांसमोर तिचा 'सा'सुद्धा लागेना.

"ताई, आवाजच निकलत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. तिचे आजोबा एकनाथराव निवृत्त सरकारी वकील. यंदा परीक्षा राहू दे, असं त्यांनी सांगून टाकलं.

दीपमालानं त्यांच्याकडून एक शनिवार मागून घेतला. दुकानात नवा व्हिडिओ कॅमेरा आला होता. त्याच्यासमोर जो उभा राहील, तो सगळ्या टीव्हींवर दिसे. मालकाला कसंबसं तयार करून तिनं केतकीला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि स्वतः पेटी धरली.

भिंतभर केतकीच केतकी! गिऱ्हाइकं टीव्ही सोडून गोळा झाली. केतकीनं भूप सुरू केला. अंतऱ्यात शब्द विसरली, घाबरून आकार लावला आणि बरोबर समेवर आली. गर्दीतली एक बुरखेवाली बाई म्हणाली, "क्या अच्छा गाई, बेटा. और एक बार गाओ."

दीपमालानं कॅमेऱ्यात भरलेली टेप मागं घेऊन लावली. केतकी डोळे विस्फारून पाहत राहिली.

"ताई, माझे पाय लटलट कापत होते. इथं दिसतच नाही!"

"भीती तुझी तुलाच कळते, बाळा. लोकांपर्यंत गाणं पोचतं."

मग केतकी आपणहून पुन्हा गायली, आधीपेक्षा मोकळी.

परीक्षेच्या दिवशी दीपमाला आणि एकनाथराव बंद दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून भूप ऐकू आला, मधेच थांबला. दीपमालानं उठून दाराला कान लावला. तेवढ्यात दुर्गा राग सुरू झाला. एकनाथराव मांडीवर ताल धरू लागले.

केतकी धावतच बाहेर आली. "परीक्षकांनी मधेच दुसरा राग विचारला. तरी मी गायले!"

पुढं निकालात तिला दुसरा वर्ग मिळाला. पण त्या दिवशी घरी जाताना ती रिक्षात सारखी गात होती, आणि एरवी रस्त्यात गाऊ नये म्हणणारे एकनाथराव तिला आणखी एक गायला सांगत होते.