हाल्बेराचं नाक

हाल्बेराच्या गाडीत बसलेला पाहुणा पहिल्या दिवशी हमखास एकच तक्रार करायचा. राजधानीतल्या हॉटेलात अंघोळीच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो म्हणे. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "जमिनीच्या पोटातलं गरम पाणी मिळतंय, वर अंडीही! आणखी काय हवं तुम्हाला?" पाहुणे हसायचे. अठ्ठावीस वर्षं हा एकच विनोद तिने चालवला. विनोद काही फार मोठा नव्हता, पण सांगताना ती स्वतःच इतकी मनापासून हसायची, की समोरच्याला न हसणं जड जायचं.

बाई एकसष्ट वर्षांची, रुंद हाडाची आणि तोंडाची फटकळ. मोठ्या चाकांची स्वतःची जीप होती. एका वेळी दोघा-तिघांनाच घ्यायची आणि चार-पाच दिवस काळी वाळू, लाव्ह्याची माळरानं, हिमनद्यांची टोकं असं सगळं फिरवून आणायची. गाडीत खायला बंदी होती. पाहुणा म्हणेल तिथे ती थांबायची नाही. "इथे काय आहे? चित्रात बघितलेलंच आहे. पुढे चला," असं म्हणून खुशाल गाडी दामटायची. तरीही लोक परत गेल्यावर तिला पत्रं पाठवायचे, आणि ती सगळी पत्रं तिने एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती.

तिचं गाव दक्षिणेला, समुद्राकाठी. गावाच्या डोक्यावर बर्फाची जाड गादी पसरलेली, आणि त्या गादीखाली काट्ला. हा ज्वालामुखी आतून तापला की बर्फ खालून वितळतो, पाणी कोंडतं आणि मग एके दिवशी घराएवढाले हिमखंड घेऊन समुद्राकडे सुटतं. त्या भागातली जुनी माणसं म्हणून डोंगराकडे बघत नाहीत, नदीचा वास घेतात. बर्फाखालचं पाणी झिरपायला लागलं की नदीला आधी अंड्यांचा वास येतो, आणि पूर येतो तो मागाहून.

हाल्बेराची आई रोज सकाळी चांदीचा चमचा दोरीला बांधून नदीवर धरायची. त्या वासाच्या हवेने चांदी काळी पडते. चमचा काळवंडला नाही, की मगच घरात कॉफी व्हायची. आई गेल्यावर चमचा मोठ्या भावाकडे, केतिलकडे राहिला आणि काम हाल्बेराकडे आलं. तिला चमच्याची गरजच नव्हती. शेजारच्या कोणत्या घरात दूध करपलं, हे ती अंगणातून सांगायची.

केतिल सत्तरीचा. नदीच्या पलीकडे, खालच्या सपाट वाळवंटात वडिलार्जित शेतावर एकटाच राहायचा. सोबतीला आठ घोडी होती आणि एक दुखरा खुबा. हाल्बेरा रोज सकाळी नऊला पाहुण्यांना घेऊन पुलावर यायची, काच खाली करायची, श्वास घ्यायची आणि त्याला फोन लावायची.

"स्वच्छ."

"बरं."

एवढं झालं की दोघं मिनिटभर एकमेकांची टर उडवायचे आणि फोन ठेवायचे. पाहुणे नसले तरी ती पुलापर्यंत जायचीच. सरकारने नदीत यंत्रं बसवली होती, ती धोका असला की सगळ्यांच्या फोनवर संदेश पाठवत. केतिल म्हणायचा, "यंत्राला नाक कुठंय? आमच्या बेराला आहे."

आता खरी गोष्ट सांगायची तर दोन हिवाळ्यांपूर्वी ते नाक गेलं होतं. आठवडाभर ताप आला. तो उतरला तेव्हा कॉफी नुसतं गरम पाणी झाली होती. साबण, ओली लोकर, डिझेल, कशालाच वास उरला नव्हता. येईल परत, होईल सगळं ठीक, असं तिने स्वतःला सांगितलं. तिकडचा माणूस छत उडालं तरी हेच म्हणतो. महिना गेला, वर्ष गेलं, वास काही आला नाही. आणि सांगायचं तरी कुणाला? सगळा मुलूख तिला नाकावरून ओळखत होता. मग ती पुलावर काच खाली करून नुसतं पाणी बघायची. रंग नेहमीचा आहे, पक्षी बसलेत, म्हणजे ठीकच असणार. "स्वच्छ," ती म्हणायची. याला खोटं बोलणं म्हणतात, हे तिला कळत होतं. रोज उद्यावर ढकलत ती दोन वर्षं खोटं बोलली.

एकदा मात्र पकडली जाणार होती. नाताळच्या आदल्या दिवशी ती केतिलच्या स्वयंपाकघरात विणत बसली होती आणि हाताच्या अंतरावर चुलीवर बटाटे करपून कोळसा झाले. केतिल तबेल्यातून आत आला, भांडं उतरवलं, खिडकी उघडली.

"विणण्यात लक्षच राहिलं नाही बघ," ती म्हणाली.

"होतं असं," केतिल म्हणाला आणि नवे बटाटे सोलायला बसला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या मे महिन्यात तिच्या गाडीत ब्राम आणि लोटे नावाचं डच जोडपं होतं. लोटेला पाचवा महिना. तिला चामड्याचा वास सहन होत नव्हता, मेंढ्यांचा होत नव्हता, नवऱ्याच्या दाढीच्या साबणाचा तर मुळीच नाही. दोन दिवस हे ऐकून हाल्बेराचे कान किटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुलावर आली, काच खाली झाली.

"ई! पुन्हा तीच अंडी!" मागून लोटे म्हणाली.

हाल्बेरा हसली. "राजधानीतलं पाणी आहे ते, पोरी. तुझ्या केसांतून वास आठवडाभर जायचा नाही. आणखी काय हवं तुला?" ब्राम खो-खो हसला. हसत हसतच तिने फोन लावला.

"स्वच्छ," ती म्हणाली.

पलीकडे वारा ऐकू येत होता. "बरं," केतिल म्हणाला. "खुशीत दिसतेस आज."

"पाहुण्यांना माझे विनोद कळतात. तुझ्यासारखे ठोंबे नाहीत ते."

पूल ओलांडून ती नदीकाठच्या कच्च्या वाटेने वर निघाली. अर्ध्या तासाने हिमनदीचं टोक आलं. राखेने काळा पडलेला बर्फ, पायाशी गुहेसारखं तोंड आणि त्यातून बाहेर पडणारं करडं पाणी. एरवी तिथे पाखरांचा कलकलाट असायचा. त्या दिवशी एकही पाखरू नव्हतं. गेल्या आठवड्यात ज्या दगडावर बसून तिने डबा खाल्ला होता, तो दगड पाण्याखाली गेला होता. ऊन पडलंय, बर्फ वितळणारच, असं तिने मनाशी म्हटलं, पण गाडीचं इंजिन बंद केलं नाही.

लोटेने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. गळ्यातल्या स्कार्फमध्ये नाक खुपसून ती म्हणाली, "मला इथे नाही थांबता येणार. डोकं दुखतंय. आणि माझ्या केसांना वास नाहीये. काल रात्री तुमच्या गावच्या हॉटेलात मी दोनदा केस धुतले. तिथल्या पाण्याला काहीच वास नव्हता."

तिच्या गावात जमिनीतलं गरम पाणी नव्हतंच. तिथे पाणी विजेवर तापवत. हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरी सवयीने तोंडातून विनोद निघून गेला होता.

"ब्राम," ती म्हणाली, "तुम्हालाही येतोय वास?"

"येतोय ना, केव्हाचा. तुम्हाला नाही?"

"नाही," हाल्बेरा म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने ते कुणाला तरी सांगितलं. "पट्टे लावा."

गाडी वळवून ती सुसाट खाली निघाली. एका हाताने केतिलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने सोलरूनला लावला. सोलरून केतिलची शेजारीण, माळाच्या उंच कडेला राहायची.

"सोलरून, केतिलला घेऊन ताबडतोब वर जा! नदी वास मारतेय!"

"अगं, तो घरी नाहीये," सोलरून म्हणाली. "या वेळी तो नदीवरच असतो ना."

"नदीवर? कशाला?"

सोलरून म्हणाली, "तुला सांगू नकोस म्हणाला होता. चमचा घेऊन जातो रोज, जुन्या उतारापाशी. ते बटाटे करपले ना, तेव्हापासून. तुझा फोन येतो तेव्हा तो तिथेच असतो. मी त्याला म्हटलं, विचार की सरळ तिला. तर म्हणाला, तिला वाईट वाटेल. तिचा फोन येऊ दे, नदीचं मी बघतो."

जुना उतार म्हणजे काठाखालचा खोलगट भाग, जिथे लहानपणी दोघं गुरांना पाणी पाजायला नेत. नदीच्या त्या वासाबरोबर येणारी जड, विषारी हवा उतरून साचते ती अशाच जागी. त्याच वेळी गाडीतले तिन्ही फोन एकदम कर्कश वाजले. सरकारी संदेश होता. नदीपासून दूर व्हा, उंचावर जा.

पुढे वाट फुटत होती. उजवीकडे खाली, नदीकाठाने, केतिलचं शेत दहा किलोमीटर. डावीकडे वर, काळी टेकडी. तिने गाडी थांबवली. मागे लोटे दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. केतिल होता.

"बेरा, स्वच्छ नाहीये," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "चमचा काळाठिक्कर पडलाय. पुलावर जाऊ नकोस, ऐकतेस ना? पाहुण्यांना घेऊन टेकडीवर जा."

"तू वर ये आधी! केतिल, त्या खड्ड्यातून बाहेर ये!"

"येतोय. पाय ऐकत नाहीयेत आज. पाण्यावर आणलेली घोडी सोडून दिली मी, ती गेली वर. शहाणी आहेत, तुझ्यासारखी नाहीत." तो हसला आणि खोकला. "जरा बसतो. डोकं गरगरतंय."

"बसू नकोस! केतिल! मला वास येत नाही रे, दोन वर्षं येत नाही. मी खोटं बोलत होते तुझ्याशी."

"माहीत आहे मला," केतिल म्हणाला. "डावीकडे वळ, बेरा."

फोन चालूच होता, पण पलीकडून फक्त पाण्याचा आवाज येत होता. हाल्बेराने चाक डावीकडे वळवलं.

टेकडीवरून तिघांनी पूल जाताना पाहिला. तो तुटला नाही, काळ्या चिखलाने तो नुसता उचलला आणि बाजूला ठेवून दिला. हिमखंड वाळवंटात वाहत आले आणि जिथे तिथे बसले. ब्रामने हाल्बेराच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती फोन कानाला लावून अजून भावाला हाक मारत होती.

दुसऱ्या दिवशी केतिल सापडला, काठाला टेकून बसलेला. पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हातभर खालूनच गेलं होतं. त्या खोलगटातल्या हवेनेच त्याला नेलं. चमचा त्याच्या कोटाच्या खिशात होता. अंत्यविधीला हाल्बेराने सगळ्या गावासमोर उभं राहून आपल्या नाकाबद्दल सांगितलं. कुणी तिला दोष दिला नाही. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आता तिथे नवा पूल आहे आणि हाल्बेरा अजूनही पाहुणे फिरवते. तो चमचा गाडीच्या पुढच्या काचेशी टांगलेला असतो. तिने तो उजळला नाही. सकाळी नऊला ती पुलावर गाडी थांबवते, सगळ्या काचा खाली करते आणि पाहुण्यांना, अगदी लहान मुलांनाही, एकेक करून विचारते, कसला वास येतोय. मग सोलरूनला फोन करून त्यांनी सांगितलं तेच शब्दाला शब्द सांगते.

पाहुणे पहिल्या दिवशी अजूनही अंड्यांच्या वासाची तक्रार करतात. ती हसत नाही. गाडी कडेला घेते, मागे वळते आणि विचारते, "नळाला येतो, की बाहेर?"