बस गा, मग भांडू

शमूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या बेसा भागातल्या चौकात भाजीवाल्याशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून हुज्जत घालत होतो. त्याच्या बायकोचा, रूथवहिनींचा फोन. "भाऊजी, हे झोपेतच गेले..." एवढंच त्या बोलल्या. माझा चेहरा पाहून भाजीवाल्यानं एक क्रेट उलटा करून पुढं सरकवला. म्हणाला, "बसा काका थोडं." आणि मला भर चौकात रडू फुटलं. कारण भांडता भांडता मला "बस" म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तोच गेला होता. महिना होत आला, पण अजूनही कुणी सहज बसा म्हटलं तरी मी मागं वळून पाहतो.

शमुवेल भालेराव आणि मी कोराडीच्या वीजकेंद्रात एकाच पाळीत होतो. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर आमचं काम, त्यामुळं पाळी सुटली की कोण गोरा कोण सावळा कळायचं नाही. तो ख्रिस्ती, मी बौद्ध. तो थंड आणि मी तापट. "रमेश, तुह्या घरी बुद्धाचा फोटो हाय, का नुसताच खिळा?" असं तो मला चारचौघांत चिडवायचा. कुठं भांडण पेटलं की हा पठ्ठ्या जेवणाच्या खोलीतला लाकडी बाक ओढत घेऊन यायचा. "बस गा, मग भांडू!" संपाच्या दिवसांत एकानं मुकादमाची कॉलर धरली, तर यानं दोघांच्या मागून बाक असा सरकवला की दोघंही धप्पकन बसले. कॉलर सुटली नव्हती, पण आजूबाजूचे हसायला लागले आणि मग तेही हसले. त्याचं म्हणणं साधं होतं. "उभ्या मानसाचा हात पयले उठते. बसलेल्याले पयले बोला लागते."

निवृत्तीनंतर आम्ही बेसाच्या एकाच ले-आउटमध्ये घरं बांधली. दर रविवारी त्याच्या पुढच्या खोलीत प्रार्थना व्हायची. त्यासाठी त्यानं लग्नात मांडव-खुर्च्या पुरवणाऱ्या एका बिछायतवाल्यानं मोडीत काढलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्यातली एक महा खट्याळ. गुडघ्याचा ठोसा दिल्याशिवाय उघडायची नाही, आणि कुणी बसलं की अशी करकरायची की स्वयंपाकघरात ऐकू जायचं. दुसऱ्याला कशाला त्रास, म्हणून तीच त्यानं स्वतःसाठी ठेवली. ती करकरली की आतून रूथवहिनी चहाचं आधण ठेवायच्या.

मग काही वर्षांपूर्वी ले-आउटमध्ये कुजबूज सुरू झाली. भालेरावाच्या घरी पैसे देऊन लोकांना बाटवतात म्हणे! अहो, ज्या माणसानं मला कधी स्वतःच्या खिशातून पान खाऊ घातलं नाही, तो पैसे वाटणार? पण अफवेला डोकं नसतं. नाताळाच्या आधीच्या रविवारी पंधरा-वीस माणसं फाटकात घुसली. पुढं राजू होता, कोपऱ्यावरचा सिमेंट-लोखंडाचा दुकानदार. शमूभाऊच्या घराची सळईन् सळई त्याच्याच दुकानातून आलेली. मी त्या दिवशी तिथंच होतो. प्रार्थना मला कळत नाही, पण वहिनींचा केक कळतो. शिवीगाळ सुरू झाली, आणि मागून कुणीतरी दगड भिरकावला. शमूभाऊच्या भुवईवर बसला. रक्ताची धार पांढऱ्या सदऱ्यावर उतरली.

त्याचा मुलगा विनय तेव्हा ऐन पंचविशीत. त्यानं दाराशी मिटून ठेवलेली खुर्ची उचलली आणि राजूच्या डोक्यावर उगारली. ती खुर्ची नेमकी तीच, करकरणारी. तेव्हा शमूभाऊनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं त्या जमावाकडे पाठ फिरवली. चक्क पाठ! आणि मुलासमोर उभा राहिला. "दे इकडे," म्हणाला. "हे बसाची चीज हाय." विनयच्या हातातून खुर्ची घेतली, गुडघ्याचा ठोसा देऊन उघडली आणि राजूपुढं मांडली. "बस गा राजू. काहून आला, ते बसून सांग."

सिनेमा असता तर राजू पाया पडला असता. तो काही बसला नाही. खुर्चीला लाथ घातली, एक शिवी हासडली आणि माणसं घेऊन निघून गेला. पण दुसरा दगड आला नाही, हेही खरं.

खरी जखम पुढं झाली. शमूभाऊनं त्या रविवारपासून स्वतःची खुर्ची प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी मांडून ठेवायला सुरुवात केली, राजूसाठी. स्वतः खाली सतरंजीवर. विनय पेटला. "बाबा, तुमचं डोकं फोडणाऱ्यासाठी खुर्ची, आणि तुमच्यासाठी धावलो तर मलेच अडवलं!" तो हैदराबादला नोकरीला गेला तो गेलाच. फोन आईला करायचा. बाबांशी बोलायचा नाही. सणासुदीला शमूभाऊ वहिनींच्या फोनजवळ घुटमळायचा, ते पाहून माझा जीव तुटायचा.

मीच एकदा भडकलो. "तू शांत नाही, तू भित्रा हायेस," म्हटलं.

"भेव तर लागते ना गा, लय लागते," तो म्हणाला. "पन येशूले धराले आले, तवा तलवार त्याच्याच चेल्यानं, पेत्रानं काढली. येशूनं कोनाले आवरलं? आपल्याच मानसाले. दुश्मनाले आवरनं आपल्या हातात नाही, रमेश. आपल्या पोराले आवरता येते... त्याचीच किंमत मोठी लागते." मग कितीतरी वेळ भुवईवरचा तो व्रण चोळत बसला. माझ्यात ती ताकद नव्हती, आजही नाही. त्याच्यात होती, म्हणून तर हे लिहून राहिलो.

माती झाली, त्यानंतरच्या रविवारी त्याच्यासाठी घरी प्रार्थना होती. विनय आला होता, कोपऱ्यात उभा. ती खुर्ची जिन्याखाली मिटून ठेवलेली. फाटकाशी ठेवायची कुणाला आठवणच झाली नाही. आणि फाटकात राजू दिसला. हात जोडलेले, मान खाली, आत यायची हिंमत नाही. माझ्या मुठी आपोआप वळल्या.

विनय हलला. जिन्याखालून खुर्ची काढली. उघडेना. क्षणभर तो तिच्याकडं पाहत राहिला, मग गुडघ्याचा ठोसा दिला, थेट बापासारखा. फाटकाशी नेऊन मांडली.

"राजूभाऊ, माहा राग गेला नाही," तो म्हणाला. "पन बसा."

राजू बसला. खुर्ची करकरली.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि रूथवहिनींचा कापरा आवाज... "विनय, कोन बसलं रे?"

विनयनं डोळे पुसले. "बाबाचे पाहुणे आले, आई. चहा ठेव."