येत्या रविवारी, दुपारी ठीक चार वाजता

आमच्या घरी केबल आली तेव्हा मी पाचवीत होते. केबलवर साऱ्या जगाची चॅनेलं दिसत, पण आमच्या आळीत बघितलं जायचं ते केबलवाल्याचं स्वतःचं. तो रोज दुपारी एक आणि संध्याकाळी एक सिनेमा लावी आणि दर पंधरा मिनिटांनी तो मध्येच थांबवून जाहिराती दाखवी. सिनेमा मुंबईचा, जाहिराती रत्नागिरीच्या. त्यामुळे सिनेमा सुरू झाला की बायका चहाचं आधण ठेवायला उठत आणि जाहिराती लागल्या की पदराला हात पुसत धावत येत. हिरो कोणाच्याच ओळखीचा नव्हता, भांडीवाला सगळ्यांच्या ओळखीचा होता.

या जाहिरातींत मानाचं पान संगीत नाटकांचं असे. आमच्या गावात गाता न येणारा माणूससुद्धा "गाता येत नाही" असं कधी म्हणत नाही, "सध्या घसा बसलाय" म्हणतो. बाहेरगावच्या नाटकाची जाहिरात म्हणजे एक न हलणारं चित्र. फेटेवाला नट, त्याच्याकडे न बघणारी नटी आणि खाली ठळक अक्षरांत "पंचवीस पदे!" थाळीत किती वाट्या मिळतील ते सांगावं तशी पदं मोजून सांगितलेली असत. ते चित्र पडद्यावर कितीही वेळ राहिलं तरी आम्ही जागचे उठत नसू.

मग आमच्या आळीतल्या नाट्यमंडळाने ठरवलं की आपली जाहिरात हलती करायची. मंडळाचे अध्यक्ष हेच नाटकाचे लेखक, पदांचे कवी आणि दिग्दर्शक होते. तालमीत चहा कितीदा फिरवायचा तेही तेच ठरवत. राजाच्या भूमिकेत माझे बाबा. दिवसा ते सरकारी कचेरीत टेबलामागे बसत आणि संध्याकाळी मंडळाच्या खोलीत राज्य करत. कचेरीत त्यांचं कोणी ऐकत नसे आणि राज्यातही अध्यक्षच बोलत. त्यांच्या स्वतःच्या हातात एकच गोष्ट होती, दुसऱ्या अंकातलं मोठं पद.

त्या पदात राजा अरण्यात येतो आणि दिसेल त्या झाडाला, माझं काय चुकलं, असं विचारतो. शब्द अध्यक्षांचे असल्यामुळे ते इथे देत नाही, वाचकाने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण चाल बाबांची स्वतःची होती. अंतऱ्यात एक तान होती, खालून निघून तीन पायऱ्यांनी वर जाणारी आणि वरून एका दमात समेवर उतरणारी. त्या तानेसाठी बाबांनी वर्ष घातलं. घरी गायची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडचे शेजारीही गाणारे होते आणि बाबांनी आ केला की ते आपली तान सुरू करत. म्हणून बाबा दर रविवारी स्कूटरवरून पावस गावी आपल्या मामांच्या बागेत जात आणि आंब्याच्या कलमांपुढे उभं राहून अंतरा म्हणत. श्रोता एकच, बागेचा नेपाळी राखणदार. तो काठी टेकून शेवटपर्यंत ऐके, त्यामुळे बाबांना तो मोठा जाणकार वाटे.

एका रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. त्या दिवशी तान सहा वेळा फुटली. तिसऱ्या पायरीवर आवाज चिरके आणि बाबा रुमालाने तोंड पुसून पुन्हा खालून सुरू करत. सातव्यांदा ती नीट समेवर आली तेव्हा त्यांनी मोठ्या आशेने माझ्याकडे बघितलं. मी मुंगळे मोजत होते.

"आली की नाय गो?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं. पण डोक्यात राहिल्या त्या फुटलेल्या सहा.

जाहिरातीचं चित्रण करायला आला तो माणूस लग्नांचं शूटिंग करणारा होता. मंडळाच्या खोलीत मागे पांढरी चादर आणि पुढे शोभेच्या झाडांच्या दोन कुंड्या, हे झालं अरण्य. त्याला राजा काय आणि नवरदेव काय, सारखेच. त्याने बाबांना आधी खुर्चीत बसवून हनुवटीखाली हात ठेवायला लावला. जी जाहिरात तयार झाली तीत एक लाल बदाम गरगर फिरत यायचा, मधोमध उघडायचा आणि त्यातून राज्य गमावलेले माझे बाबा बाहेर पडायचे. वरून गुलाबाच्या पाकळ्या. गणपतीच्या मंडपात हरवलेल्या मुलाची घोषणा करावी तशा आवाजात अध्यक्ष सांगायचे, "रसिकहो! येत्या रविवारी! दुपारी ठीक चार वाजता!" मग बाबांचा आलाप, मग पदाची पहिली ओळ. त्यांचा उजवा हात वर जायचा, सूर वर चढायचा, आणि तिथेच जाहिरात कापलेली.

निदान अंतरा सुरू तरी होऊ दे, म्हणून बाबा केबलवाल्याकडे गेले. मीही बरोबर होते.

"नाय बसत, साहेब," केबलवाला म्हणाला. "अर्धा मिनिट म्हणजे अर्धा मिनिट. मागं भांडीवाला उभा हाय."

"अहो, पण गाणं अर्धवट राहतंय."

"अर्धवट ऱ्हायलं तरच लोक बघायला येतील ना!"

हे त्याचं म्हणणं मंडळात सगळ्यांना पटलं.

आठवडाभर ही जाहिरात दिवसातून आठ-आठ वेळा लागत होती. बाबांचा सूर वर पोचला की पुढच्याच क्षणी भांडीवाला "पिंप, कळशी, तवे, पराती!" म्हणून ओरडे. आळीतली पोरं लगोरी खेळता खेळता आलाप घेत आणि त्याच सुरात परातींवर उतरत. शाळेत गाण्याच्या बाईंनी एकदा विचारलं, सम म्हणजे काय. "पिंप," असं मागच्या बाकावरून उत्तर आलं. सगळा वर्ग हसला, मी हसले नाही. मला टीव्हीतल्या बाबांचा फार अभिमान होता. ते दिवसातून आठ वेळा गात आणि एकदाही चुकत नसत.

नाटकाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं. पावसहून, संगमेश्वराहून माणसं आली होती. निघताना आईने मला बजावलं होतं, "बाबांचं पद झालं की जोरात टाळ्या वाजव हां. सुरुवात कोणीतरी करायला लागते." मी पहिल्या रांगेत, नव्या फ्रॉकमध्ये, पहिल्या घंटेपासून हात तयार ठेवून बसले होते.

दुसऱ्या अंकात बाबा अरण्यात आले. टीव्हीतले बाबा गोरेपान आणि शांत होते. हे बाबा घामाघूम होते आणि त्यांची खोटी दाढी एका बाजूने सुटली होती. आलाप झाला, पहिली ओळ झाली. उजवा हात वर गेला, सूर वर चढला, अगदी टीव्हीतल्यासारखा. आता पुढे अंतरा होता. पद तिथे संपतं असं मला वाटलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला पक्कं माहीत होतं. मला पावसची फुटलेली तान आठवली, एवढ्या माणसांसमोर ती फुटणार याची खात्री वाटली, आणि मी ताडकन उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोअर!"

आठवडाभर पद तिथपर्यंतच ऐकलेल्या त्या माणसांना पद तिथेच संपतं याबद्दल शंका असायचं कारण नव्हतं. एका पोरीला कळतं आणि आपल्याला कळू नये, म्हणून सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवायला लागलं. ऑर्गन थांबला, तबला थांबला. आमच्याकडे माणूस कोर्टाचा हुकूम मोडेल, पण वन्स मोअर मोडणार नाही. बाबांनी पुन्हा आलापापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी टाळ्या. या वेळी मी वाजवल्या नव्हत्या, पण आता माझी गरजच उरली नव्हती. तिसऱ्यांदा तेच झालं. चौथ्यांदा बाबांनी श्वास न घेता अंतऱ्यात शिरायचा प्रयत्न केला, तर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. झाडाआड लपलेल्या राणीचं गंगावन घसरायला लागलं होतं. तिने बाहेर येऊन पुढचं वाक्य म्हणून टाकलं आणि पद संपलं.

नाटक संपल्यावर जो तो बाबांना मिठी मारत होता. "हुबेहूब! जाहिरातीत आहे तस्सं गायलात!" असं किमान दहा जणांनी तरी सांगितलं. अध्यक्षांनी तर, टीव्हीपेक्षा तसूभरही कमी नाही, असं जाहीर करून टाकलं. बाबा सगळ्यांना हसून हात जोडत होते. घरी आल्यावर त्यांनी आमटीभात कालवला, बराच वेळ तो नुसताच कालवत राहिले आणि मग म्हणाले, "अंतरा राहिला."

"पुढच्या प्रयोगात म्हणा," आई म्हणाली. "जेवा आधी."

पुढचा प्रयोग झाला नाही. मंडळाची सभा भरली ती पुढच्या वर्षीच्या जाहिरातीबद्दल. बदामातून कोणी बाहेर पडायचं यावर वाद सुरू झाला. राणीला बदाम हवा होता, सेनापतीला हवा होता, आणि ज्याला नाटकात एकही वाक्य नव्हतं त्या भालदाराचं म्हणणं होतं की बोलायचं नसल्याने जाहिरातीसाठी आपणच योग्य. नाटक कुठलं करायचं हा विषय कोणी काढला नाही. अध्यक्षांनी रागाने राजीनामा दिला, तो कोणीतरी चुकून मंजूर केला आणि मंडळ बंद पडलं.

जाहिरात मात्र बंद पडली नाही. ती काढायची हे केबलवाल्याला कोणी सांगितलंच नाही. आणि तीत तारीख नव्हती. त्यामुळे संपलेलं नाटक दर आठवड्याला येत्या रविवारी होऊ लागलं. एका रविवारी एक कुटुंब एस.टी.ने डबे घेऊन आलं, बंद नाट्यगृहाच्या पायरीवर पोळीभाजी खाऊन बाबांना शिव्या घालून गेलं. गणपती येईपर्यंत बाबा आमच्या घरातच दिवसातून आठ वेळा हात वर करत आणि आठ वेळा अंतऱ्याआधी कापले जात. जाहिरात लागली की ते उठून मागीलदारी जात आणि तोंड धुऊन परत येत. ती बंद करायला केबलवाल्याकडे मात्र ते कधी गेले नाहीत.

यंदा ती जाहिरात आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. "संगीत नाटकाचा सुवर्णकाळ!" असं वर लिहिलेलं. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं आणि "काय ते गाणं! आता असे गायक नाहीत." गाणं म्हणजे अर्धं मिनिट. मी आता दोन आळ्या सोडून राहते. फोन घेऊन सकाळीच बाबांकडे गेले. आई बाजारात गेली होती. ऐंशीला टेकलेले बाबा खुर्चीत बसून ती बघत होते. फोनवर ती संपली की आपोआप पुन्हा सुरू होई.

चौथ्यांदा त्यांचा हात वर गेला तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, नाटकात ती पहिली टाळी माझी होती. वन्स मोअर पण."

"लहान होतीस," ते म्हणाले. "तुला वाटलं पद संपलं."

"नाही. मला माहीत होतं पुढे आहे. मला वाटलं, तुम्ही चुकाल."

मला वाटलं होतं ते हसतील, निदान म्हातारपणी माणसं म्हणतात तसं "जाऊ दे" म्हणतील. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर आपटला.

"मी चुकणार होतो?"

"पावसला सहा वेळा..."

"आणि सातव्यांदा? सातव्यांदा काय झालं ते बघितलंस?"

इतक्या वर्षांत बाबा माझ्यावर इतके रागावलेले मी बघितले नव्हते आणि त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. परक्यांनी टाळ्या वाजवल्या ते अजाणता. त्या भरल्या नाट्यगृहात त्यांच्यावर भरवसा नसलेली मी एकटीच होते.

"हात मांडीखाली घे," ते म्हणाले.

"काय?"

"दोन्ही हात. मांडीखाली घे आणि गप बस."

मी तशी बसले. ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. साथीला काही नव्हतं. आलाप घेतला, पहिली ओळ म्हटली, हात वर नेला, आणि त्या जागेवर आल्यावर, कॉपी करणाऱ्या पोराकडे मास्तरांनी बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग ते अंतऱ्यात शिरले. तान तिसऱ्या पायरीवर फुटली. त्यांनी रुमाल शोधला नाही, खालून पुन्हा घेतली. पुन्हा फुटली. तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक झाला होता, पण तो तिन्ही पायऱ्या चढला, वरून एका दमात खाली आला आणि समेवर त्यांच्या पायाचा ठोका फरशीवर पडला. मला आनंद इतका झाला आणि माझीच लाज इतकी वाटली की हात मांडीखालून काढायचंही मला सुचलं नाही.

ते धापा टाकत उभे होते. चेहऱ्यावरचा राग अजून गेलेला नव्हता.

"आता वाजव की गो," बाबा म्हणाले.