चन्नव्वाची न्हाणी

तुरीच्या डाळीच्या गिरणीत काम केलेल्या बाईला विचारा, संध्याकाळी अंग कसं होतं. कोंडा केसांत जातो, मानेत जातो, चोळीच्या शिवणीत अडकतो. घाम आला की तो चिकटतो आणि मग खाजवून खाजवून कातडं लाल होतं. गुलबर्ग्याला स्टेशनच्या अलीकडं डाळीच्या गिरण्या होत्या आणि त्यांच्या मागं आमची गल्ली. गल्लीतल्या निम्म्या बाया गिरणीत डाळ पाखडायला जायच्या. चन्नव्वा त्यांतलीच एक.

तिचं माहेर हुमनाबादजवळच्या निर्ण्याचं. माहेरी मराठी, सासरी कानडी, आणि गिरणीत मुकादमाशी दखनी उर्दू, अशा तिन्ही भाषा ती एकाच दमात बोलायची. नवरा भीमण्णा अडतीवर पोती उचलायचा. माणूस सरळ, पण हट्टी. लेकरू झालं नाही. त्यावरून सासू होती तोवर बोलायची. सासू गेल्यावर तो विषयही घरातून गेला.

दोघं एका खोलीत भाड्यानं राहायची. मागं थोडी मोकळी जागा होती. तिथं दोन काठ्यांना गोणपाट बांधून आडोसा केला होता आणि त्यामागं एक दगड होता. त्या दगडावर बसून अंघोळ. वारा आला की गोणपाट उडायचं, पलीकडच्या रस्त्यावरनं बैलगाड्या जायच्या. म्हणून सगळ्याच बाया लुगड्यासकट पाणी घ्यायच्या आणि ओल्या लुगड्यानं घरात पळायच्या. चन्नव्वानं लग्न होऊन आल्यापासून एकदाही अंगावर कापड नसताना पाणी घेतलं नव्हतं. पाठीवरचा कोंडा कधी पुरता निघालाच नव्हता.

निजामाचा हाली सिक्का जाऊन हिंदुस्थानचा कलदार रुपया चालू होत होता, त्या सुमारास गिरणीचा दिवाणजी वीरण्णा सोडतीची तिकिटं घेऊन आला. हुबळीकडच्या कुठल्या संस्थेला दवाखाना बांधायचा होता, त्यासाठी सोडत काढली होती. पहिलं बक्षीस पंचवीस हजार. तिकीट एक रुपया. वीरण्णानं ते सांगितलं आणि दुपारच्या भाकरीच्या वेळी बायांना दुसरा विषय उरला नाही. राजूबाई म्हणाली, ती सोन्याची बोरमाळ घालून भावाच्या दारात जाईल आणि भावजयीला काही न बोलता परत येईल. कमलबाईला रोज भात पाहिजे होता, ज्वारीची भाकरी फक्त सणाला. नागव्वाला श्रीशैलला जायचं होतं, पण चालत नव्हे, मोटारीत खिडकीजवळ बसून. चन्नव्वाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, न्हाणी बांधीन.

बाया एवढ्या हसल्या की मुकादम बघायला आला.

तिकीट मात्र त्यांच्यात तिनंच घेतलं. वीरण्णानं पावतीवर तिचं नाव लिहिलं, कारण पैसे तिनं दिले होते. ही गोष्ट पुढं फार कामी आली.

नंबर लागल्याचं वीरण्णानंच वर्तमानपत्रात वाचलं. तो पाखडणीच्या पडवीत आला आणि चन्नव्वाला बाहेर बोलावलं. तिला वाटलं, काम गेलं. सांगून झाल्यावर ती हातातलं सूप घेऊन तशीच आत गेली आणि उरलेलं पोतं पाखडून संपवलं. का संपवलं, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

वीरण्णा दोघांना घेऊन हुबळीला गेला. आणलेले पैसे तिच्या नावानं गुलबर्ग्याच्या बँकेत ठेवले. काढायचे झाले की तिचा अंगठा लागायचा.

मग माणसं यायला लागली. निर्ण्याहून थोरला भाऊ गुरप्पा आला, त्याचं म्हणणं जमीन घ्या. भीमण्णाचा एक दूरचा मावसभाऊ आला, तो आठ दिवस राहिला आणि सिनेमाचं थेटर काढू म्हणाला. भीमण्णाला स्वतःला लॉरी घ्यायची होती. जन्मभर दुसऱ्याच्या लॉरीत पोती चढवली, आता आपल्या लॉरीत दुसऱ्यानं चढवावी, एवढी साधी त्याची इच्छा. ती चुकीची होती असं कुणी म्हणणार नाही. तो रोज लॉरीचं बोलायचा, गुरप्पा रोज जमिनीचं बोलायचा. चन्नव्वा भाकरी थापत ऐकायची. तिला काय पाहिजे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, न्हाणीचं ती तेव्हा गमतीनं बोलली असेल.

एक दिवस भीमण्णा म्हणाला, लॉरीचा सौदा ठरलाय, उद्या बँकेत जाऊ.

"आधी न्हाणी," चन्नव्वा म्हणाली. "मग अंगठा."

"येडी झालीस का? एवढ्या पैशात न्हाणी कामून?"

"म्या काय मागायलेय? चार भिंती, एक दार, आतून कडी. ती लॉरी तुमची तुम्हाला घ्या. मी न्हाई म्हणंना. पण आधी न्हाणी."

भीमण्णा दोन दिवस अडतीवरच जेवला. गुरप्पानं तिला बाजूला घेऊन समजावलं, की लोक हसतील. ती म्हणाली, अण्णा, लोक हसून झालेत. शेवटी भीमण्णाच, न्हाणीचे पैसे काढायला बँकेत चल म्हणाला.

खोली भाड्याची होती, म्हणून आधी मालक बसवंतप्पाकडून खोली आणि मागची जागा विकत घेतली. गवंड्यानं घर कुठून कुठवर बांधायचं विचारलं. घर नंतर, आधी न्हाणी, असं ऐकून त्यानं भीमण्णाकडं बघितलं. भीमण्णा दुसरीकडं बघत होता. चन्नव्वानं गवंड्याला मापं दाखवली. दोन बायांना बसून एकमेकींची पाठ चोळता आली पाहिजे. खिडकी उंच, उजेड येईल पण नजर येणार नाही अशी. खाली शहाबादी फरशी, पाणी वाहून जायला उतार, आणि बाहेर कर्दळीपर्यंत नाली. कोपऱ्यात चुलवण, त्यावर तांब्याचा मोठा हंडा. दार सागवानी. कडी तिनं स्वतः बाजारात जाऊन, पाच-सहा दुकानं फिरून, जड बघून आणली.

न्हाणी झाली त्या दिवशी तिनं हंडाभर पाणी तापवलं, आत गेली आणि कडी लावली. बराच वेळ झाला. भीमण्णानं दारावर थाप मारली, बरी हायेस का विचारलं. आतून ती "व्हय" म्हणाली, तेवढंच. बाहेर आली तेव्हा केस ओले, चेहरा लाल. भाकरी खाऊन ती झोपली ती दुपार कलेपर्यंत. झोपेपायी गिरणीला तिनं तो पहिलाच खाडा केला.

मग तिनं लॉरीसाठी अंगठा दिला. लॉरी आली. गुरप्पाच्या म्हणण्याप्रमाणं निर्ण्याला थोडी जमीनही घेतली.

गिरणीत ती पुढचा हंगामभर जात राहिली. पण लॉरीवाल्याची बायको सूप घेऊन बसते म्हटल्यावर मुकादमाला तिच्याशी कसं बोलावं कळेना, आणि बायांनाही मोकळं वाटेना. ती आली की बोलणं बदलायचं. हे तिला फार लागलं. तिनं काम सोडलं आणि मग घरी एकटीनं काय करावं, हेही तिला कळेना.

तेव्हा राजूबाई आली. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर ती दारात उभी राहिली, अंगभर कोंडा. काही मागेना, काही सांगेना, नुसती हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली. चन्नव्वानं तिच्या मानेकडं बघितलं आणि चुलवणात गोवरी सरकवली. राजूबाई आत गेली, कडी लावली आणि आत रडली. बाहेर ऐकू येत होतं. चन्नव्वानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी कमलबाई आणि नागव्वा आल्या. महिन्याभरात संध्याकाळी दारात रांग लागायला लागली. येताना प्रत्येकीनं एक घागर पाणी आणि एक गोवरी आणायची, असा नियम आपोआप पडला. बोलणंही परत पहिल्यासारखं झालं. भीमण्णा कुरकुरायचा. घरमालक आपण आणि अंघोळीला स्टेशनच्या नळावर जायचं, हे काय, म्हणायचा. पण बायांची रांग बघितली की तोच धोतर खांद्यावर टाकून नळाकडं चालू लागायचा.

लॉरी पहिलं वर्ष छान चालली. सोलापूरपर्यंत डाळ जायची. दुसऱ्या पावसाळ्यात हुमनाबादच्या रस्त्यावर एका पुलावरून ती ओढ्यात गेली. ड्रायव्हर वाचला, पाय मोडला. त्याचं औषधपाणी भीमण्णानं केलं. लॉरी मोडीच्या भावात गेली.

ओढ्यातनं सामान काढून भीमण्णा घरी आला तेव्हा अंगावर चिखल वाळला होता. रांग होती. चन्नव्वा बायांना म्हणाली, आज ऱ्हाऊ द्या, उद्या या. बाया घागरी उचलून गेल्या.

"चला, पाणी तापलंय," ती त्याला म्हणाली. "पाठ चोळते."

तो आत गेला. फरशीवर बसला, वर खिडकीकडं बघितलं, मग हंड्याकडं.

"दार लावू का?" त्यानं विचारलं.

"लावा की. त्याच्यासाठीच तर हाय."

पुढं भीमण्णा काही महिने घरातच बसून होता. नंतर उरलेल्या पैशातनं त्यानं अडतीजवळ बारदानाचं छोटं दुकान टाकलं. रिकामी पोती विकत घ्यायची, फाटकी शिवून परत विकायची. ते मात्र चाललं. पोत्याची पारख त्याला होती आणि बोलायला गिऱ्हाइकं होती. घर बांधायचं राहूनच गेलं. दोघं त्याच खोलीत राहिली.

हैदराबादचं राज्य मोडून गुलबर्गा म्हैसूरकडं गेलं, त्या हिवाळ्यात नागव्वाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नागव्वाच्या घरात बाळंतिणीला बसवायला कोपरा नव्हता. ती चन्नव्वाला विचारायला आली, पण विचारायच्या आधीच चन्नव्वानं नवी बाज आणि ओव्याची धुरी तयार करून ठेवली होती. मूल नसलेल्या बाईनं पहिलं पाणी घालू नये, असं गल्लीतल्या एका म्हातारीनं म्हणून बघितलं. नागव्वा म्हणाली, घालंल तर तीच घालंल.

लेकरू झाल्यावर चन्नव्वानं त्याला पायांवर घेतलं, तेल जिरवलं, मग आईला पाटावर बसवून कढत पाण्यानं कंबर शेकली. सव्वा महिना ती रोज पहाटे उठून हंडा पेटवत होती. त्या थंडीत गल्लीत जेवढी बाळंतपणं झाली, त्या सगळ्यांचं पाणी तिथंच तापलं.