तळ्याकाठची रिकामी घरटी

खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती एक पिल्लांच्या चोरीची फिर्याद. गोवा घटकराज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी डिचोली तालुक्यात फौजदार होतो.

एका गावाने तळ्याकाठची राई पक्ष्यांसाठी राखून ठेवली होती. तिथे लाकूडतोड बंद, गलोल बंद. गावाला हे पटवलं होतं डिचोलीतल्या पक्षीमित्र मंडळाने. मंडळाचे प्रमुख बाजारातले एक औषधविक्रेते होते. माणूस सज्जन, पण पक्ष्यांचा विषय निघाला की दारातलं गिऱ्हाईक ताटकळलंच म्हणून समजा. एके सकाळी तेच फिर्याद घेऊन आले. स्वर्गीय नर्तक या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या दोन घरट्यांतली पिल्लं नाहीशी झाली होती. चोर कोण, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तळ्याजवळ भाड्याच्या खोलीत खनिजाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर बायकोसह राहायचा. मूळचा सिंधुदुर्गातला. त्याच्या दारात पोपटाचा पिंजरा टांगलेला, तेवढा पुरावा गावाला पुरला. आदल्या संध्याकाळी औषधवाल्यांनी देवळासमोर सर्वांदेखत त्याचं नाव घेतलं. घरमालकाने खोली सोडायला सांगितलं, ट्रकमालकाने प्रकरण मिटेपर्यंत गाडीवर येऊ नकोस असा निरोप धाडला. म्हणजे फिर्याद माझ्यापर्यंत येण्याआधीच शिक्षा होऊन गेली होती. मला याची चीड आली.

वनखात्याला कळवलं, पण गाव तापलेलं होतं, म्हणून चौकशी मीही हातात घेतली. ड्रायव्हरला स्टेशनवर बोलावलं आणि उलटसुलट विचारलं. पोपट कुठून आणलास, पहाटे तळ्यावर कशाला जातोस, बाजारात पाखरं विकणारं कोणी ओळखीचं आहे का. खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा विचारलं तेवढंच सांगत होता. पंख मोडलेला पोपट खाणीच्या रस्त्यावर सापडला, पहाटे तळ्यावर आंघोळीला जातो, बाजारात कोणी ओळखीचं नाही. जबाब संपला तेव्हा एवढंच म्हणाला, "सायबानू, पोपट माझो आसा, ता खरा. पण त्या झाडाक मी हात लावूक नाय."

जागेचा पंचनामा करायला हवालदार आणि औषधवाल्यांना घेऊन राईत गेलो. दोन्ही घरटी शाबूत होती. फक्त पुढच्या बाजूच्या फांद्या धारदार हत्याराने साफ छाटलेल्या. औषधवाले म्हणाले, बघा, हात घालायला चोराने वाट केली. आमचा हवालदार पेडण्याच्या शेतकरी घरातला. त्याने मागच्या बाजूने सहज हात लांबवून घरट्याला बोट टेकवून दाखवलं. पिल्लं चोरायला फांदी छाटायची गरजच नव्हती.

मग फांद्या छाटल्या कशासाठी? मी त्या मोकळ्या जागेवर नजर ठेवून मागे मागे चालत गेलो, तर पाठीला मंडळाचा झावळ्यांचा आडोसा लागला. पक्षी बुजू नयेत म्हणून सभासद त्यात लपून बसायचे. आत एक स्टूल होतं. त्यावर बसून पाहिलं, तर दोन्ही रिकामी घरटी समोर स्पष्ट दिसत होती. तिसरंही एक तसंच मोकळं केलेलं दिसलं. त्यात पिल्लं चोची वासून बसली होती.

मी औषधवाल्यांना आत बोलावून विचारलं, इथून फोटो कोण काढतं? कॅमेरा फक्त आपल्याकडेच आहे, असं ते जरा अभिमानानेच म्हणाले. एवढ्यात एक डोमकावळा छाटलेल्या वाटेने थेट तिसऱ्या घरट्यावर उतरला. औषधवाले ओरडत, टाळ्या वाजवत धावले. तोवर कावळा एक पिल्लू उचलून गेला होता. ते परत आले आणि खाली मान घालून स्टुलावर बसले.

"फांटयो हांवेंच कातरल्यो, साहेब. पिलां फोटोंत दिसनाशिल्लीं."

पानांमुळे कॅमेऱ्याला घरटं दिसत नव्हतं, तसंच कावळ्यालाही दिसत नव्हतं. ज्याने गावात गलोल बंद केली, त्याच्याच कोयत्याने हे घडलं होतं. त्यांची मला कीवही आली.

उरलेल्या पिल्लांसमोर हवालदाराने पालेदार फांद्या बांधल्या. औषधवाले त्याच पावली ड्रायव्हरच्या खोलीवर गेले आणि हात जोडून चुकलो म्हणाले. तो सामान बांधत होता. त्याने मान वर केली. "माका सांगान काय उपेग? जंय माझा नाव घेतलात, थंयच सांगा."

हे सोपं नव्हतं, पण त्यांनी केलं. त्याच संध्याकाळी देवळासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मी मुद्दाम हजर होतो. लोक ऐकून मुकाट्याने पांगले. नाव घेताना जेवढा गलका झाला म्हणतात, त्याच्या पावपटही आवाज आता झाला नाही.

त्यानंतर फिर्यादी कितीही कळवळून बोलला, तरी घटनेच्या जागी आधी त्याचीच उठबस कशी आहे ते मी बघत आलो. प्रेमानेही नुकसान होतं आणि ते करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, हे मी तिथे शिकलो. ड्रायव्हरला ट्रकमालकाने परत बोलावलं, खोलीही मिळत होती. पण बायको त्या सकाळीच बसने माहेरी निघून गेली होती. देवळासमोर आपल्या नवऱ्याला चोर म्हटलेलं तिने ऐकलं होतं. माफी मागितलेली ऐकायला ती तिथे नव्हती. त्या गावात ती पुन्हा राहायला आली नाही.